फ्रान्सच्या खेड्यातली हस्तकला-संग्रहालयं: ओव्हेर्न आणि ओब्युसोंला पहिल्यांदा जाताना

फ्रान्सच्या ग्रामीण भागात संग्रहालय चुकतं ते बहुतेक दारातच. पत्ता बरोबर असतो, गाडी वेळेत पोचते, आणि दारावर पाटी असते: बंद. कधी दुपारच्या जेवणाची सुट्टी, कधी मंगळवार, कधी हंगामच संपलेला. लूव्र किंवा व्हर्सायच्या सवयीने इकडे गेलात तर दोन दिवसांत वैताग येईल. इथली संग्रहालयं गावाच्या घड्याळावर चालतात, आणि जिवंत कारखाना असेल तर कारागिराच्या घड्याळावर. ते घड्याळ आधी समजून घ्या आणि बाकीचं त्याभोवती बसवा.

या लेखात एकच टापू घेतला आहे: मध्य फ्रान्समधला क्लेरमों-फेरांच्या आसपासचा डोंगराळ भाग, म्हणजे ओव्हेर्न, आणि त्याच्या पश्चिमेचं ओब्युसों. तिएर म्हणजे चाकू, आंबेर म्हणजे हातकागद, ल प्वी-ऑं-व्हले म्हणजे लेस आणि पश्चिमेला ओब्युसों म्हणजे विणलेले भित्तिपट. चारही ठिकाणी कला काचेआड गेलेली नाही, अजून हाताने चालते. राजवाडे पाहायचे असतील तर ल्वार नदीचं खोरं गाठा; इथे यायचं ते काम चालू असताना पाहायला.

आधी कॅलेंडर, मग तिकीट

विमानाचं तिकीट काढण्याआधी कॅलेंडर समोर घ्या आणि पुढच्या गोष्टी खोडत जा.

हंगाम. लहान संग्रहालयं साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उघडी असतात. १ नोव्हेंबरच्या सुट्टीनंतर अनेक ठिकाणं ईस्टरपर्यंत बंद होतात किंवा आठवड्यातून दोन-तीन दुपारीच उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये वेळा सगळ्यात मोठ्या असतात, पण ऑगस्टमध्ये खासगी कारागीर स्वतःच सुट्टीवर जातात. म्हणजे संग्रहालय उघडं आणि कार्यशाळा बंद. मे-जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर हा सगळ्यात चांगला काळ.

वार. राष्ट्रीय संग्रहालयं बहुधा मंगळवारी बंद असतात, नगरपालिकेची अनेक सोमवारी, आणि काही दोन्ही दिवशी. त्यामुळे सोमवार-मंगळवार प्रवासासाठी, डोंगर चढण्यासाठी किंवा कपडे धुण्यासाठी ठेवा. काम बुधवार ते शनिवार.

सुट्ट्या. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर या तीन दिवशी जवळजवळ सगळं बंद असतं. मे महिना फसवा आहे: १ आणि ८ मेच्या सुट्ट्या, त्यात असेन्शनचा गुरुवार आणि बऱ्याचदा पेंटेकॉस्टचा सोमवार हे ईस्टरनंतरचे ख्रिस्ती सणही याच महिन्यात येतात. असेन्शन नेहमी गुरुवारीच असतो, म्हणून शुक्रवारीही लोक रजा टाकतात, त्याला ते 'पूल' म्हणतात. त्या शुक्रवारी कार्यशाळेत चिटपाखरू नसतं, आणि हॉटेलं मात्र भरलेली.

दुपार. बारा ते दोन बंद, हे गृहीतच धरा. शिवाय शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या पाऊण ते एक तास आधी थांबतो. सहाला बंद होणाऱ्या संग्रहालयात सव्वापाचला पोचणारा माणूस बाहेरच राहतो. म्हणून दिवसाला दोनच ठिकाणं बसतात: एक सकाळी दहाला, दुसरं दुपारी दोनला. तिसरं कोंबायचा मोह आवरा.

वेळा तपासताना नकाशाच्या अ‍ॅपवर विसंबू नका; तिथे गेल्या उन्हाळ्याच्या वेळा तशाच राहिलेल्या असतात. संग्रहालयाचं स्वतःचं संकेतस्थळ पाहा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी गावाच्या पर्यटन कार्यालयाला फोन करा. वेळापत्रक वाचताना तीन शब्द ओळखता आले पाहिजेत: 'फेर्मे' म्हणजे बंद, 'स्युर रांदेव्हू' म्हणजे आधी वेळ ठरवूनच, आणि 'सोफ' म्हणजे सोडून. 'रोज उघडे' हे शब्द आधी ठळक दिसतात आणि त्यापुढचं 'सोफ मंगळवार' नजरेतून सुटतं. दार बंद मिळण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

दोन तारखा मुद्दाम गाठण्यासारख्या आहेत. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिन असतात. ही प्रथा १९८४ पासूनची. एरवी न उघडणाऱ्या इमारती आणि कारखाने त्या दिवशी उघडतात, बरेच फुकट. आणि मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला हस्तकला दिन असतात, तेव्हा कारागीर आपल्या कार्यशाळा लोकांना दाखवतात. गर्दी होते, पण प्रश्न विचारायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

पोचायचं कसं

पॅरिसहून क्लेरमों-फेरांला थेट रेल्वे आहे, साधारण साडेतीन तास. ती सुटते बेर्सी स्थानकातून, शेजारच्या मोठ्या गार द लियोंमधून नाही. दोन्ही स्थानकं चालत जाण्याइतकी जवळ आहेत आणि म्हणूनच लोक चुकतात. सामान घेऊन ते अंतर पंधरा मिनिटांचं होतं.

क्लेरमोंहून तिएरला लोकल गाडी आहे, तासाच्या आत पोचते. गाडी चालवायची नसेल तर तिएर नुसत्या रेल्वेने जमतं. आंबेर आणि ओब्युसोंसाठी मात्र भाड्याची मोटार लागतेच. बस आहेत, पण शाळेच्या वेळेवर.

भारतीय लायसनबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. तो आपल्या आरटीओतूनच निघतो, अर्ज सारथी पोर्टलवर होतो आणि मुदत एक वर्षाची असते. मूळ लायसनही जवळ हवं, नुसता परवाना चालत नाही. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावावर असावं, नाहीतर अनामत रक्कम अडवता येत नाही आणि गाडी मिळत नाही. गिअरची सवय नसेल तर 'ऑटोमॅटिक' वेगळी मागून आधीच आरक्षित करा. न मागता गिअरची गाडीच मिळते, आणि इथे गिअर उजव्या हाताला असतो. छोट्या शहरातली भाड्याची कार्यालयं दुपारी आणि रविवारी बंद असतात. शनिवारी संध्याकाळी क्लेरमोंला उतरलात तर सोमवारपर्यंत गाडी मिळणार नाही, असं धरून चाला.

रस्त्यावरचे नियम थोडे पण पक्के आहेत:

- वाहतूक उजवीकडून. वर्तुळाकार चौकात आत असलेल्या गाडीला, म्हणजे तुमच्या डावीकडून येणाऱ्याला, आधी जाऊ द्यायचं.
- गावात पांढरी पट्टी किंवा पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला, गल्ली कितीही बारीक असो. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली की हक्क तुमचा. त्याच पाटीवर काट मारलेली दिसली की तो संपला.
- लाल किनारीची गावाच्या नावाची पाटी म्हणजेच ताशी ५० किलोमीटरची मर्यादा. वेगळी पाटी लावत नाहीत. नावावर काट मारलेली पाटी आली की मर्यादा संपते.
- दोन्ही दिशांना वाहतूक असलेल्या साध्या रस्त्यावर ८०. काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ९० परत आणले आहेत, तिथे पाटी असते. द्रुतगती मार्गावर १३०, पाऊस असेल तर ११०.
- १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात इथल्या डोंगरी गावांत हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात. गाडी घेताना विचारा.

अ‍ॅपमध्ये नुसतं गावाचं नाव टाकू नका. फ्रान्समध्ये एकाच नावाची पाच गावं असतात. पिनकोड टाका: तिएर ६३३००, आंबेर ६३६००, ओब्युसों २३२००, ल प्वी ४३०००. पहिले दोन आकडे जिल्ह्याचे असतात, त्यावरून चूक लगेच कळते. आंबेरच्या मागच्या दऱ्यांत आणि ओब्युसोंच्या क्रझ जिल्ह्यात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आणि फ्रेंच भाषांतर दोन्ही आधीच उतरवून ठेवा.

पेट्रोल भरताना 'गाझोल' म्हणजे डिझेल, हे लक्षात ठेवा. रविवारी पंपावर माणूस नसतो, यंत्राला पिन असलेलं कार्ड लागतं, आणि ते आधी शंभर युरोच्या वर रक्कम अडवून ठेवतं. प्रीपेड फॉरेक्स कार्डात तेवढी शिल्लक नसेल तर यंत्र कार्ड नाकारतं. पंप बिघडला असं वाटतं, पण कारण हे असतं.

चार दिवस असे लावा

बुधवार: क्लेरमोंहून ओब्युसों, अंतर सुमारे ९० किलोमीटर, दीड तास, संध्याकाळी परत. गुरुवार: तिएर, सुमारे ४५ किलोमीटर. शुक्रवार: सकाळी आंबेर, दुपारी वाटेवरचं मठाचं गाव ल शेझ-दिय, मुक्काम ल प्वी. शनिवार: ल प्वी, त्या दिवशी तिथे आठवडी बाजारही असतो. तिएर ते ल प्वी हा जवळजवळ सगळा रस्ता एकच, डी-९०६, आणि तो देखणा आहे.

आंबेर शुक्रवारी सकाळीच ठेवण्याला कारण आहे. गुरुवारी तिथे आठवडी बाजार भरतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि शुक्रवारी दुपारनंतर कारागीर लवकर घरी जातात. बाजाराच्या आदल्या रात्री चौकात गाडी लावत असाल तर खांबावरची छोटी पाटी वाचा. पहाटेपासून जागा मोकळी हवी असते, आणि गाडी उचलून नेतात.

दारात गेल्यावर

आधी 'बोंजूर'. प्रश्न, तिकीट, मोबाइल दाखवणं, सगळं त्यानंतर. बोंजूर न म्हणता थेट इंग्रजीत विचारलं तर समोरची बाई कोरडी होते. ही फ्रेंचांची तुसडेपणाची ख्याती अर्धी तरी या एका शब्दाअभावी झालेली आहे. दुकानात, कार्यशाळेत, अगदी पर्यटन कार्यालयातही हेच. निघताना 'मेर्सी, ओ रव्हुआर'.

तिकीट काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'या-तिल युन देमोंस्त्रासियों ओझुर्दुई?' म्हणजे आज प्रात्यक्षिक आहे का, आणि किती वाजता. उत्तर 'तीन वाजता' आलं तर आधी जेवा, गाव फिरा, मग या. नुसत्या वस्तू पाहून तास संपवू नका.

तिकीट साधारण ५ ते १२ युरो. कार्ड चालतं, पण छोट्या ठिकाणी किमान रकमेची अट असते, म्हणून तीस-चाळीस युरो रोख ठेवा. मार्गदर्शकासह फेरी बहुधा फक्त फ्रेंचमध्ये असते. तरी ती घ्या, कारण यंत्रं चालू होतात ती त्याच फेरीत. काउंटरवर इंग्रजी माहितीपत्रक मागितलं की मिळतं, परत द्यायचं असतं. सामान ठेवायची सोय नसते. मोठ्या बॅगा गाडीच्या डिकीत ठेवाव्या लागल्या तर आधीच्या थांब्यावरच डिकीत टाका. संग्रहालयाच्या वाहनतळावर सगळ्यांदेखत डिकी उघडून बॅग आत ढकलणं म्हणजे चोराला आमंत्रण.

फ्रान्समध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी: दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना असेल आणि वय २६ च्या आत असेल तर राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमचा संग्रह आणि सरकारी स्मारकं फुकट आहेत. पुरावा म्हणून परवाना दाखवावा लागतो, कॉलेजचं कार्ड पुरत नाही. या लेखातली ठिकाणं मात्र बहुतेक नगरपालिकेची, स्थानिक संस्थांची किंवा खासगी आहेत, तिथे विद्यार्थ्यांची सवलत मिळते, माफी नाही.

तिएर: चाकू

गाव द्युरोल नदीच्या घळीवर उभं आहे. इथे लोखंडाची खाण नव्हती, लोखंड बाहेरून यायचं. गावाकडे होतं ते उतारावरून धावणारं पाणी आणि काम करणारे हात. तेवढ्यावर मध्ययुगापासून आजवर चाकूंचा धंदा टिकला. संग्रहालय एकाच रस्त्यावरच्या दोन वेगवेगळ्या इमारतींत आहे, एक २३ नंबर आणि एक ५८. तिकीट दोन्हीचं असतं; अनेक जण पहिली पाहूनच परततात. प्रात्यक्षिक ५८ मध्ये असतं, म्हणून वेळ तिथला विचारून घ्या.

प्रात्यक्षिकात चाकूची जुळणी दाखवतात. पातं, पाठीची स्प्रिंग, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, मूठ आणि त्या सगळ्यांतून जाणाऱ्या खिळ्या. बघायचं ते शेवटच्या हातोडीच्या ठोक्यांकडे. खिळा घट्ट ठोकला तर पातं उघडत नाही, सैल राहिला तर हलतं. कारागीर ठोका देतो, पातं उघडून मिटून पाहतो, पुन्हा ठोका. ही ठोक-उघड-मिट चाकू हातात बसेपर्यंत चालते.

धार लावणाऱ्यांचं काम वेगळं. नदीकाठच्या चक्क्यांवर, 'रुए' म्हणतात त्यांना, माणसं फळीवर पालथी झोपून खालच्या फिरत्या दगडावर पातं दाबायची, म्हणजे अंगाचं वजन पात्यावर येई. दगडावरचं पिवळं पाणी पोटावर उडून कपडे रंगायचे, म्हणून त्यांना 'पिवळ्या पोटांचे' म्हणत. हिवाळ्यात पायांवर कुत्रा बसवायचे, उबेसाठी. दगड फुटून माणूस मेल्याच्याही गोष्टी आहेत. ही चक्क्यांची दरी, व्हाले दे रुए, गावाबाहेर काही किलोमीटरवर आहे आणि फक्त उन्हाळ्यात उघडी असते. तिथली वाट पाण्याकाठची, ओली, चपला नकोत.

गाव इतकं चढाचं आहे की गाडी खाली लावली तर वर चढताना दम लागतो. वर लावा, उतरत पाहा, आणि परतीच्या चढणीला अर्धा तास हातात ठेवा. गुडघे दुखत असतील तर उलट करा, उतरणं जास्त त्रासाचं असतं.

आंबेर: कागद

मुलां रिशार द बा ही कागदाची गिरणी आंबेरपासून चार-पाच किलोमीटरवर लागा नावाच्या छोट्या दरीत आहे. आत १९४३ पासून संग्रहालयही आहे, पण जायचं ते चालू कामासाठी.

कच्चा माल म्हणजे कापूस आणि जुन्या चिंध्या. पाण्याच्या चाकाने फिरणाऱ्या दांड्यावरचे खुंटे लाकडी घणांना उचलतात आणि सोडतात. घणांच्या तोंडाला लोखंडी खिळे असतात, त्यांनी चिंध्यांचा लगदा होतो. आवाज मोठा आहे, लहान मुलं घाबरतात. पुढे कारागीर पितळी तारांची चौकट लगद्याच्या हौदात बुडवतो, उचलतो, आणि एकदा पुढे-मागे, एकदा आडवी अशी हलवतो. सगळं कसब त्या हलवण्यात आहे. पाणी निथळायच्या आत तंतू एकमेकांत गुंतले पाहिजेत. उशीर झाला की कागद एका बाजूला जाड होतो, आणि तो परत हौदात जातो. दुसरा माणूस ओला ताव लोकरी नमद्यावर उलटा पाडतो. ताव-नमदा-ताव अशी चळत दाबयंत्राखाली जाते, पाणी निघतं, मग ताव माळ्यावर वाळत घालतात. त्या माळ्याला झडपा आहेत, वारा किती घ्यायचा ते हवेवर ठरतं. शेवटी जिलेटिनच्या पाण्यात बुडवल्यावरच त्यावर शाई फुटत नाही.

तिथला ताव उजेडासमोर धरा. जवळजवळ बारीक रेषा दिसतील, त्यांना छेदणाऱ्या लांब अंतराच्या उभ्या रेषा दिसतील. या चौकटीतल्या तारांच्या खुणा. जलचिन्ह म्हणजे त्याच जाळीवर शिवलेली तार: तिच्यावर लगदा पातळ बसतो, म्हणून तिथून उजेड जास्त येतो. चारही कडा नैसर्गिक, झुबक्यांच्या असतात. कापलेली सरळ कड दिसली तर तो मोठा ताव कापलेला आहे.

फरशी ओली असते आणि दरीत उन्हाळ्यातही गारवा. स्वेटर न्या.

आंबेरहून ल प्वीच्या वाटेवर हजार मीटरहून उंचावरचं ल शेझ-दिय गाव लागतं. तिथल्या मठात पोप सहावा क्लेमेंट याची समाधी, मृत्यूच्या नाचाचं भित्तिचित्र आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे भित्तिपट आहेत. ओब्युसों आधी पाहून आलेल्या माणसाला इथे विणकामातले बारकावे आपोआप दिसू लागतात, म्हणूनच वर बुधवार ओब्युसोंला दिला आहे.

ल प्वी: लेस

गोल नळा बसवलेल्या उशीवर टोचलेल्या ठिपक्यांचा नमुना, त्यावर टाचण्या, आणि जोडीजोडीने लटकणाऱ्या लाकडी काठ्यांवर गुंडाळलेला दोरा. हालचाली दोनच: ओलांडणं आणि पिळणं. यातूनच सगळी नक्षी होते. फ्युझोंच्या, म्हणजे त्या काठ्यांच्या, लेसचं शिक्षण देणारं केंद्र गावात १९७४ पासून आहे, तिथे बायका काम करताना दिसतात. पाहताना नजर बोटांवर न ठेवता टाचण्यांवर ठेवा, कामाचा क्रम पटकन लक्षात येतो.

बाकी गाव थोडक्यात: सुळक्यावरच्या सेंट मायकेलच्या दहाव्या शतकातल्या देवळाला २६८ पायऱ्या आहेत, कठड्यासह. पलीकडच्या टेकडीवरची मेरीची लालसर मूर्ती सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या २१३ तोफा वितळवून १८६० मध्ये उभी केली. दोन्ही एका सकाळी होतात, पण पायऱ्या आधी, जेवण नंतर.

ओब्युसों: भित्तिपट

इथली विणकला २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली आणि २०१६ मध्ये नवं मोठं संग्रहालय उघडलं. हंगामाबाहेर ते मंगळवारी बंद असतं. आत अंधार वाटेल. दिवे बिघडलेले नाहीत. लोकर आणि रंग प्रकाशाने फिके पडतात, म्हणून कापडासाठी साधारण ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. पाच मिनिटं थांबा, डोळे सरावतात. फ्लॅश बंद. नव्या कलाकृतींचे हक्क कलाकारांकडे असतात, तिथे फोटोआधी विचारा.

इथे माग आडवा असतो. ताण्याखाली रंगीत नकाशा, म्हणजे विणायच्या चित्राचा आराखडा, ठेवलेला असतो, आणि विणकर पटाच्या मागच्या बाजूने विणतो. म्हणून नकाशा आरशातल्यासारखा उलटा काढतात. पायाखालच्या पट्ट्या सम आणि विषम ताणे वेगळे करतात. रंगाचा दोरा अख्ख्या रुंदीत न जाता फक्त आपल्या जागेपुरता जातो आणि परततो. पैठणीचा पदर विणताना येवल्यात हेच करतात. फरक असा की पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवले जातात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ओब्युसोंमध्ये रंगांच्या सीमेवर फट राहते, ती नंतर सुईने शिवतात, आणि मागे धाग्यांची टोकं लोंबत राहतात. पुढची बाजू पाहायला विणकर ताण्याखाली छोटा आरसा सरकवतो. एका माणसाचा वेग महिन्याला साधारण एक चौरस मीटर. हे कळल्यावर किमतीबद्दल प्रश्न उरत नाही.

संग्रहालयाशिवाय खासगी कार्यशाळा पाहायची असेल तर पर्यटन कार्यालयातून आधी ठरवा. दहा किलोमीटरवरच्या फेल्तांमध्ये लोकरीच्या सूतगिरणीच्या फेऱ्या असतात. त्याही ठरलेल्या दिवशीच.

पोटाची सोय

दुपारचं जेवण बारा ते दीड. पावणेदोनला पोचलेल्याला स्वयंपाकघर बंद सांगतात आणि ते खरंच बंद असतं. रात्री साडेसात. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी खेड्यात काहीच मिळत नाही, म्हणून रविवारी सकाळीच सुपरमार्केटमधून ब्रेड, फळं, दही घेऊन ठेवा.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'व्हेजेतारियां' म्हणून भागत नाही. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे इथे मसाल्यासारखे पडतात आणि ते 'मांस' धरले जात नाहीत. पूर्ण म्हणा: 'सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों, सां जांबों'. बटाटा आणि ताज्या चीजचं 'आलिगो' बहुधा चालतं; 'त्रुफाद' मात्र त्याच साहित्याचं असून चरबीत किंवा हॅमसोबत येतं. ल प्वीची हिरवी मसूर नावाजलेली आहे, पण उपाहारगृहात ती सॉसेज किंवा खारवलेल्या मांसाबरोबर शिजते. दुकानातून कोरडी विकत घ्या. आणि कडक शाकाहारी असाल तर फुर्म दांबेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं 'प्रेझ्युर' असतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

विकत घेताना

चाकू घेताना लागियोल या प्रसिद्ध चाकू-प्रकाराच्या नावाला किंवा पाठीवरच्या मधमाशीला भुलू नका. त्या नावाने आशियात बनलेले चाकूही विकले जातात, आणि मधमाशी कुणीही बसवतं. पात्यावर निर्मात्याचं नाव आणि गाव कोरलेलं आहे का ते पाहा. 'ल तिएर' या प्रकारावर टी अक्षराची खूण असते आणि तो त्याच परिसरात बनवावा लागतो. दुकानदार कार्बन पोलादाची शिफारस करेल, धार छान लागते म्हणून. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते महिन्याभरात गंजतं. १२सी२७ किंवा तत्सम न गंजणारं पोलाद मागा.

लेसचं दुकान आणि लेसची कार्यशाळा या दोन गोष्टी आहेत. ल प्वीत यंत्राची लेसही विकतात, उघडपणे. तळहाताएवढा तुकडा पाच युरोला असेल तर तो हाताचा नाही. 'फेत आ ला मां?' विचारा. ओब्युसोंचा अस्सल पट मागच्या बाजूला शिवलेल्या सहीच्या कापडी चिठ्ठीवरून ओळखतात. एका चित्राचे जास्तीत जास्त आठच पट मूळ कलाकृती मानले जातात. कागद घेतला तर पुठ्ठ्याची नळी तिथेच मागा, सूटकेसच्या तळाशी सपाट ठेवलेले ताव कोपऱ्यात मोडतात.

विकत घेतलेला चाकू खिशात किंवा खांद्यावरच्या पिशवीत बाळगू नका. फ्रान्समध्ये कारण नसताना चाकू जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि पुढच्या संग्रहालयाच्या दारात पिशवी तपासतात. सकाळी तिएरला घेतलेला चाकू पावतीसह बंद खोक्यात, डिकीत.

एकाच दुकानातली खरेदी शंभर युरोच्या वर गेली आणि तुम्ही युरोपबाहेर राहत असाल तर कर परत मिळतो. पासपोर्ट दाखवून 'देताक्स'चा कागद दुकानातच करून घ्यावा लागतो; छोटे कारागीर बऱ्याचदा करत नाहीत, म्हणून पैसे देण्याआधी विचारा. विमानतळावर क्रम महत्त्वाचा: आधी देताक्सच्या यंत्रावर कागद स्कॅन करा, कारण कस्टमवाले वस्तू दाखवा म्हणू शकतात, आणि मगच चाकू असलेली बॅग चेक-इनला द्या. उलट केलं तर वस्तू बॅगेत, बॅग पट्ट्यावर, आणि कागदावर शिक्का नाही. हातातल्या सामानात ठेवलेला चाकू तर सुरक्षा तपासणीतच काढून घेतात, तो परत मिळत नाही.